‘सर्वसमर्थ’ म्हणताना



दर रविवारी प्रवचन संपले की आपण सारे उभे राहतो आणि विश्वासांगीकार म्हणतो. खरे सांगायचे तर तो म्हटला जातो, आपण म्हणतोच असे नाही. लहानपणापासून तोंडात बसलेले शब्द आहेत, ओठ आपोआप हलत राहतात. मन तेवढ्यात दूध आणायचे राहिले, मुलाचा क्लास किती वाजता, मेगाब्लॉक आहे का, असे कुठेकुठे फिरून येते. मी वेदीवर उभा असतो, पण माझीही गत फारशी वेगळी नसते, हे आज कबूल करतो.

आपल्या धर्मग्रामातील एक मावशी मात्र हा विश्वासांगीकार लक्ष देऊन म्हणतात. इतके लक्ष देऊन, की त्यातला एक शब्द त्या मुद्दाम गाळतात. काही महिन्यांपूर्वी मिस्सा आटोपल्यावर त्या सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबल्या होत्या. म्हणाल्या, “फादर, एक विचारायचंय. रागावू नका. ‘सर्वसमर्थ’ हा शब्द आला की मी गप्प बसते. बाकीचं सगळं म्हणते. हे पाप आहे का?”

त्यांची परवानगी घेऊन लिहितो आहे. नाव लिहिणार नाही आणि ओळखण्याचा प्रयत्न कृपया कोणी करू नये. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा सकाळच्या गर्दीत लोकलच्या दारातून पडून गेला. डब्यात आत शिरायला जागा नव्हती, दांडी धरली होती, हात सुटला. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्र्याच्या दरम्यान दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना दारातले प्रवासी खाली पडले, काहींचे प्राण गेले, तेव्हा त्या दिवसभर टीव्हीसमोर बसून होत्या. “देव चांगला आहे, मी मानते,” त्या म्हणाल्या. “बाप आहे, तेही मानते. पण सगळं करू शकणारा असता तर एवढा एक हात त्याला धरता आला नसता?”

मी त्या दिवशी काही उत्तर दिले नाही. डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि त्या गेल्या. पण तो शब्द माझ्या मागे लागला. सेमिनरीत शिकलेली पुस्तके पुन्हा काढली. जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहे. यात मावशींच्या प्रश्नाचे उत्तर आहे असा माझा दावा नाही.

सर्वांत आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. देवाचे गुण कितीतरी सांगता येतील. तो दयाळू आहे, न्यायी आहे, सर्वज्ञ आहे, पवित्र आहे. पण विश्वासांगीकारात त्याच्या गुणांपैकी एकाच गुणाचे नाव येते, ते म्हणजे सर्वसमर्थ. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही याची खास नोंद आहे. म्हणजे मावशी गाळतात तो शब्द किरकोळ नाही.

आपल्या धर्मग्रामात हा शब्द किती भाषांत म्हटला जातो, कधी ऐकले आहे का? मराठी मिस्सात आपण ‘सर्वसमर्थ’ म्हणतो. गोव्याकडचे आपले बंधू कोकणीत ‘सर्वपदवेदार’ म्हणतात. तामिळ कुटुंबे ‘एल्लाम् वल्ल’ म्हणतात, मलयाळी ‘सर्वशक्तन्’ म्हणतात आणि इंग्रजी मिस्साला ‘ऑलमायटी’ असतेच. यातले बहुतेक शब्द बळाकडे, सत्तेकडे बोट दाखवतात. ते ऐकून आपल्यासमोर जे चित्र उभे राहते ते एखाद्या अफाट ताकदीच्या राजाचे. त्याने बोट हलवले की डोंगर हलावा! मग तोच राजा बोट हलवत नाही तेव्हा आपण दुखावतो.

संडे स्कूलची मुले तर याची गंमतच करतात. “फादर, देव स्वतःलाच उचलता येणार नाही एवढा मोठा दगड बनवू शकतो का?” दरवर्षी एक तरी चलाख पोरगा हे विचारतो आणि बाकीचे माझी फजिती पाहायला टपलेले असतात. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच याची वाट लावून ठेवली आहे. जे बोलण्यातच स्वतःला छेद देते, ती काही करण्याजोगी गोष्टच नव्हे. ते न केल्याने देवाचे सामर्थ्य कमी होत नाही. संत ऑगस्टीन तर म्हणत, की देव मरू शकत नाही, खोटे बोलू शकत नाही, फसवला जाऊ शकत नाही, म्हणूनच तो सर्वसमर्थ. दगडाचा प्रश्न सुटला. मावशींचा नाही. तेव्हा शब्दाच्या मुळाकडे जाऊ.

जुन्या करारात हिब्रू भाषेत देवाचे एक फार प्राचीन नाव आहे, ‘शद्दाय’, किंवा ‘एल शद्दाय’. नव्व्याण्णव वर्षांच्या अब्राहामाला परमेश्वराने दर्शन दिले, तेव्हा स्वतःची ओळख याच नावाने करून दिली. आपल्या बायबलमध्ये तिथे ‘सर्वसमर्थ देव’ असे वाचायला मिळते. पण ‘शद्दाय’चा मूळ अर्थ काय, यावर पंडितांचे आजही एकमत नाही. कोणी म्हणतात, मेसोपोटेमियाच्या जुन्या अक्कादी भाषेतील डोंगरवाचक शब्दाशी त्याचे नाते आहे, म्हणजे डोंगराचा देव. कोणी त्याचा संबंध विध्वंस करण्याच्या क्रियापदाशी लावतात. यहुदी गुरुजनांनी त्याची फोड करून ‘जो पुरेसा आहे तो’ असा अर्थ काढला. आणखी एक मत आहे. हिब्रूत ‘शद’ म्हणजे आईचा स्तन. उत्पत्तीच्या ग्रंथात म्हातारा याकोब मरणापूर्वी योसेफाला आशीर्वाद देतो, तिथे शद्दायचे नाव आणि स्तनांचा व उदराचा आशीर्वाद हे एकाच ओळीत येतात. डोंगर, विध्वंस, पुरेसेपण आणि आईचे दूध! एका नावाच्या पोटात इतके काही.

हे नाव हिब्रू बायबलमध्ये ४८ वेळा येते. विजयाच्या गाण्यांत, लढायांच्या वर्णनांत ते पुष्कळदा असेल असे मला वाटले होते. मोजून पाहिले. ४८ पैकी ३१ वेळा ते एकट्या ईयोबाच्या ग्रंथात आहे. दहा मुले गमावलेल्या, उकिरड्याच्या राखेत बसलेल्या माणसाच्या गोष्टीत! तिथे त्याचे शहाणे मित्र ते नाव घेतात आणि तोही घेतो, आणि त्याच्या तोंडी ते बहुतेक वेळा तक्रार म्हणूनच येते. दुसरी साक्ष नओमीची. मवाबात नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, रिकाम्या हाताने ती बेथलेहेमला परतली. गावच्या बायका तिला नावाने हाक मारू लागल्या, तेव्हा ती म्हणाली, मला नओमी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. शद्दायने माझे आयुष्य कडू केले, असे ती भर वेशीत सर्वांसमक्ष बोलली. आणि पवित्र शास्त्राने ते वाक्य पुसले नाही.

पुढे, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून, इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे यहुदी विद्वानांनी जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर सुरू केले. उत्पत्तीच्या ग्रंथात ‘शद्दाय’ आले तिथे त्यांनी नुसते ‘तुझा देव’, ‘माझा देव’ असे लिहून वेळ निभावली. भाषांतर करणाऱ्यांची अडचण मी समजू शकतो! पण ईयोबाच्या ग्रंथात, आणि ‘सेनाधीश परमेश्वर’ असे येते त्या अनेक ठिकाणी, त्यांनी एक शब्द योजला, ‘पांतोक्रातोर’. नव्या करारात तो दहा वेळा येतो, त्यांपैकी नऊ वेळा प्रकटीकरणात. पात्म बेटावर हद्दपार झालेला योहान छळाखाली असलेल्या मंडळ्यांना लिहीत होता, तेव्हा रोमचा सम्राट ग्रीक भाषेत स्वतःला ‘औतोक्रातोर’ म्हणवीत असे, म्हणजे स्वतःच्या अधिकाराने राज्य करणारा. योहानाने ‘पांतोक्रातोर’ लिहिले तेव्हा त्याच्या वाचकांना दोन्ही शब्द कानाशी ऐकू आले असतील. आणि हाच शब्द पुढे ३२५ साली निकेयाच्या धर्मसभेने विश्वासांगीकारात घातला.

आता इथे जरा थांबा, कारण गोम इथेच आहे. ‘काहीही करू शकणारा’ अशा अर्थाचा सरळ शब्द ग्रीकमध्ये होता, ‘पांतोदिनामोस’. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये असलेल्या शलमोनाच्या ज्ञानग्रंथात तो आलेलाही आहे. तरी विश्वासांगीकारात तो घेतला नाही. घेतला तो ‘पांतोक्रातोर’. ‘पांत’ म्हणजे सर्व. ‘क्रातोस’ म्हणजे बळ, सत्ता. आणि त्याच कुळातले क्रियापद ‘क्रातेओ’ म्हणजे ताब्यात ठेवणे, धरणे, धरून ठेवणे. सर्वांवर ज्याची सत्ता आहे असा, आणि सर्व काही ज्याने धरून ठेवले आहे असा, या दोन्ही छटा त्यात आहेत. लॅटिनमध्ये याला ‘ओम्नीपोतेन्स’ हा प्रतिशब्द रूढ झाला. संत जेरोम यांनीही आपल्या लॅटिन बायबलात अब्राहामाच्या दर्शनाच्या जागी तोच वापरला. ‘ओम्नी’ म्हणजे सर्व, ‘पोतेन्स’ म्हणजे करू शकणारा. चुकीचा शब्द नाही, ख्रिस्तसभेने तो शतकानुशतके प्रार्थनेत वापरला आहे. पण युरोपच्या अनेक भाषा त्याच्या मागून गेल्या आणि ‘धरणारा’ हळूहळू मागे पडला, ‘करू शकणारा’ पुढे आला.

आपल्या भागात मात्र तो धरणारा फार पूर्वी येऊन गेला आहे. सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मास नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवले, की ‘कल्लियाना’ या ठिकाणी ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा महागुरू पर्शियाहून नेमलेला असतो. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याणच, असे अनेक अभ्यासक मानतात. पर्शियाच्या ख्रिस्तसभेची उपासनेची भाषा सिरियाक होती. सिरियाक विश्वासांगीकारात ‘पांतोक्रातोर’साठी जो शब्द आहे तो आहे ‘आहिद कुल’, शब्दशः ‘सर्व काही धरणारा’. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी उल्हास नदीच्या काठी कुठेतरी हा शब्द उच्चारला गेला असणार. योगायोग पाहा, याच सिरियाक परंपरेतल्या सिरो-मलबार बंधुभगिनींसाठी १९८८ साली जो धर्मप्रांत स्थापन झाला त्यालाही नाव कल्याणचेच मिळाले.

ठाण्याची गोष्ट वेगळी आणि अधिक अवघड आहे. १३२१ सालच्या एप्रिल महिन्यात ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्याशांना श्रद्धेसाठी मरण आले. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस. डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डन यांनी त्यांचे मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. नंतर आलेल्या पोर्देनोनेच्या ओदोरिक यांनी त्यांच्या अस्थी पुढे चीनला नेल्या आणि ही हकीकत लिहून ठेवली. ते लिहितात, की जेम्स यांना पेटत्या आगीत टाकले तेव्हा आग त्यांना लागली नाही. पुन्हा टाकले, पुन्हा लागली नाही. मग त्यांना सोडून देण्यात आले, आणि नंतर रात्री गाठून त्यांना व त्यांच्या सोबत्यांना ठार केले गेले.

लहानपणी ही हकीकत ऐकताना आगीपर्यंत छान वाटायचे. पुढचे वाक्य आले की वाटायचे, हे काय? आगीतून दोनदा वाचवले, मग तलवारीतून का नाही? ओदोरिक याचे उत्तर देत नाहीत. उत्तर दिल्याशिवाय त्यांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या, आणि अस्थी कापडात गुंडाळून आपल्याबरोबर जहाजावर घेतल्या.

आता आपल्या मराठी शब्दाकडे येतो. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे प्रथम छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा मराठी ग्रंथ. त्याच्या अगदी आरंभीच्या नमनात फादर स्टीफन्स देवाला ‘बापा’ म्हणतात आणि लगेच ‘सर्वसमर्था’ अशी हाक मारतात. ते लॅटिन शिकलेले होते, ‘ओम्नीपोतेन्स’ त्यांना पाठ होते. ‘सर्वशक्तिमान’ असा शब्द त्यांना सहज योजता आला असता. त्यांनी समर्थ निवडला. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या शब्दाने मराठीत देवाला हाक मारली गेली, तोच आज आपल्या विश्वासांगीकारात आहे.

‘समर्थ’ची फोड सम् अधिक अर्थ. अर्थ म्हणजे हेतू, प्रयोजन. हेतूशी जो जुळलेला आहे, कामाला जो योग्य आहे, तो समर्थ. पाणिनीच्या व्याकरणात तर एकमेकांशी अर्थाने जोडलेल्या पदांना समर्थ म्हणतात. नुसता धसमुसळा जोर म्हणजे सामर्थ्य नव्हे. आपल्या रोजच्या बोलण्यात पाहा. घरात काही संकट आले, की थोरला भाऊ म्हणतो, “तू घाबरू नकोस, मी समर्थ आहे.” याचा अर्थ मी पैलवान आहे असा नसतो. याचा अर्थ, हे ओझे मी माझ्या अंगावर घेतले. सासुरवाशिणीच्या पाठीशी माहेर समर्थ आहे, असे आपण म्हणतो ते याच अर्थाने. मला वाटते, लॅटिनपेक्षा आपला मराठी शब्द त्या जुन्या ग्रीक शब्दाच्या अधिक जवळ आहे. पांतोक्रातोर म्हणजे सर्वांचा भार धरून असलेला बाप.

हे सगळे घेऊन मी मावशींकडे गेलो. जरा उत्साहातच होतो, सांगायला लाज वाटते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “म्हणजे तो धरणारा आहे. फादर, मग तर अजून कठीण झालं. माझ्या पोराचा हात सुटला तेव्हा धरणारा कुठे होता?”

बंधुभगिनींनो, पुस्तकी माणसाचे असे होते.

मग मी त्यांना एक शेवटची गोष्ट सांगितली आणि तीच इथे लिहितो. ‘क्रातेओ’ हे धरण्याचे क्रियापद संत मार्क यांच्या शुभवर्तमानात वारंवार येते. पेत्राची सासू तापाने फणफणली होती, येशूने तिचा हात धरून तिला उठवले, तिथे हेच क्रियापद आहे. याईराची बारा वर्षांची मुलगी मेली होती, घरात रडारड चालली होती, येशूने त्या मृत मुलीचा हात धरला, तिथेही हेच. पांतोक्रातोरचा हात कसा असतो, हे मार्क दाखवतात तेव्हा तो एका पोरीचा गार पडलेला हात धरून असतो. आणि तेच क्रियापद आणखी एकदा येते, गेथसेमनी बागेत, रात्री. तिथे धरणारे दुसरेच आहेत. ते येशूला धरतात, पकडून नेतात. ज्याच्या हातात सारे आहे त्याला माणसांनी धरले, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे हात लाकडाला ठोकले. ते हात तेव्हा काहीही करू शकत नव्हते. त्याची आई समोर उभी होती.

म्हणूनच असेल, ख्रिस्तसभा सामान्यकाळातील सव्विसाव्या रविवारच्या आरंभीच्या प्रार्थनेत देवाला सांगते, की तुझे सामर्थ्य सर्वांत अधिक प्रकट होते ते तुझ्या क्षमेत आणि दयेत. संत थॉमस अक्वायनस यांनीही देवाच्या सर्वसामर्थ्यावर लिहिताना ह्याच प्रार्थनेचा आधार घेतला. तो रविवार येईल तेव्हा ती प्रार्थना कान देऊन ऐका.

मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग विचारले, “त्याच्या आईने पुढे हा शब्द म्हटला असेल का हो?” मी म्हटले, मार्क काही सांगत नाहीत. पण मुलगा उदरात होता तेव्हा तिने देवाला समर्थ म्हटले होते, तिचे ते स्तोत्र आपण सायंप्रार्थनेत रोज म्हणतो. क्रुसानंतर ती प्रेषितांबरोबर प्रार्थना करत होती एवढे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. कोणत्या शब्दांत, ते लिहिलेले नाही.

शब्द गाळणे पाप आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर मी दिले. नाही. ईयोब आणि नओमी ते नाव रागाने, रडत घेत होते, आणि तुम्ही ते गप्प राहून घेता. खोटेपणाने म्हणण्यापेक्षा गप्प राहणे बरे. तुमच्या शेजारी उभे असलेले आम्ही तो शब्द तुमच्या वतीने म्हणू. विश्वासांगीकार आपण सगळे मिळून उभे राहून म्हणतो, तो यासाठीही असावा.

त्या रविवारपासून मी तो शब्द जरा सावकाश म्हणतो. कोणाच्या लक्षात आले असेल तर कारण हे आहे.

मावशींनी जाताना नओमीची गोष्ट मागितली. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून ऑफिसातल्या मुलाकडून रूथचा ग्रंथ मोठ्या टाइपात छापून घेतला. चारच अध्याय आहेत. आणखी कोणाला हवा असेल तर प्रती सॅक्रिस्टीच्या टेबलावर ठेवल्या आहेत.